आटपाडीत शॉर्टफिल्म करायचीय? मग कॅमेरा खिशात ठेवा आणि आधी कान लावा

आटपाडीवरचं एखादं रील आठवून बघा. ड्रोन वर जातो, खाली माळ दिसतो, पागोटं बांधलेला धनगर स्लो मोशनमध्ये चालतो आणि मागं ट्रेंडिंग गाणं वाजतं. नाहीतर मग बातमीतला तो ठरलेला फोटो, भेगाळलेली जमीन आणि रिकामी घागर. या दोन्हीत आटपाडीचं म्हणून काय असतं? गाणं बाहेरचं असतं, आणि भेगा कुठल्याही दुष्काळी तालुक्यातल्या दाखवल्या तरी कुणाला फरक कळत नाही.

यातनं बाहेर पडायचा एक स्वस्तातला रस्ता आहे. प्रायोगिक शॉर्टफिल्म.

नाव ऐकलं की डोक्यावरून जाणारं काहीतरी असणार असं वाटतं. पण मूळ कल्पना एकदम साधी आहे. नेहमीच्या सिनेमात आधी गोष्ट ठरते आणि मग तिला शोभेल अशी जागा शोधतात. इथं उलटं. आधी जागा. तिथं फिरायचं, काय दिसतं आणि काय ऐकू येतं ते गोळा करायचं आणि त्या तुकड्यांच्या जोडणीतनं फिल्म उभी करायची. हिरो नसला तरी चालतं, डायलॉग नसला तरी चालतं.

हे काही आजचं फॅड नाही. १९२९ साली योरिस इवेन्स या डच दिग्दर्शकानं 'रेन' नावाची फिल्म केली. विषय एवढाच, की ॲमस्टरडॅम शहरात पाऊस येतो आणि जातो. बारा-एक मिनिटांची फिल्म, बघताना एकच सर वाटते, पण ती जमवायला त्यानं कित्येक महिने वेगवेगळ्या पावसात शूटिंग केलं होतं. पुढच्याच वर्षी जर्मनीत वॉल्टर रुटमननं 'वीकेंड' केली. त्यात चित्रच नाही! सुट्टीच्या दोन दिवसांतले नुसते आवाज, अकरा मिनिटं.

आता आटपाडी पडते पर्जन्यछायेत. इवेन्सला जो पाऊस महिनोन्‌महिने मिळाला, तो इथं मिळायचा नाही. पण न पडणाऱ्या पावसाची फिल्म का होऊ नये? ढग येतात, वारं सुटतं, पत्रा वाजतो, अंगणातली कपडे आत घ्यायची गडबड होते आणि मग काहीच होत नाही. भेगांच्या फोटोपेक्षा ही पाच मिनिटं जास्त सांगून जातील.

आपल्याकडं या प्रकाराला सरकारच्याच फिल्म्स डिव्हिजननं जागा दिली होती. १९६८ साली प्रमोद पतींनी तिथं 'एक्सप्लोरर' केली, सात मिनिटांची. आणि १९८० साली मणी कौल यांनी 'अरायव्हल'. मुंबईत रोज येणारा माल, येणारे मजूर, येणारी जनावरं, आणि हे सगळं पचवणारं शहर, असा तिचा विषय.

इथं आटपाडीचा खरा विषय सापडतो. मुंबईत जे येतं ते कुठून तरी निघालेलं असतं, आणि आटपाडी हे निघण्याचं ठिकाण आहे. शनिवारच्या बाजारातनं शेळ्या-मेंढ्या निघतात. हंगामात डाळिंबाचे क्रेट निघतात. गलाईच्या कामासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, खानापूर-आटपाडीकडची माणसं पार देशाच्या टोकापर्यंत गेलीत. मणी कौलनी येणं दाखवलं, जाणं दाखवायचं अजून शिल्लक आहे.

सुरुवात शनिवारच्या बाजारापासून करा. २०२० साली याच बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि ती बातमी देशभर फिरली. त्यामुळं कॅमेरे येतात ते महागडा मेंढा शोधत. तुम्ही तो सोडा. त्याऐवजी सौदा बघा. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत आहे. दिसत काही नाही, बोलत कुणी नाही, पण हजारोंचा व्यवहार होतो. हलणारा रुमाल, दोन चेहरे आणि चहूबाजूनं मेंढरांचा कालवा. एवढ्यावर दीड मिनिट आरामात निघतं.

आता आवाजाचं. कॅमेऱ्याच्या आवाजावर भागवू नका, तो वेगळा घ्या. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट चालत नाही, ती बोलणं कळावं म्हणून बाकीचं छाटते. वेव्ह फाइल देणारं रेकॉर्डिंग ॲप घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि एका जागी दोन-तीन मिनिटं गप्प उभे राहा. गप्प म्हणजे गप्प, नाहीतर पुढं प्रत्येक क्लिपमध्ये तुमचाच खोकला. माणदेशातलं वारं मोठा शत्रू आहे. भिंतीच्या आडोशाला या किंवा वाऱ्याकडं पाठ करा. गजी नृत्याचा ढोल मात्र लांबनं घ्या. जवळनं घेतला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज एडिटिंगला नीट होत नाही.

मग खरी मजा सुरू होते. आवाज आणि चित्र एकमेकांपासनं सोडवा. टेंभू योजनेचं पाणी, जे कऱ्हाड तालुक्यातनं कृष्णेचं टप्प्याटप्प्यानं उपसून इकडं आणलंय, त्याचा कालवा दाखवा आणि वर मेंढरांच्या खुरांचा आवाज ठेवा. बघणाऱ्याच्या डोक्यात आपोआप प्रश्न येतो, पाणी आलं, आता कळप कुठं जाणार? तुम्ही एक शब्दही बोललेला नसता.

आवाजाला कुणी विचारत नाही असं वाटत असेल तर भाऊराव कऱ्हाडेंचा 'ख्वाडा' आठवा. धनगर कुटुंबाच्या या सिनेमाला प्रत्यक्ष जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

राहिलं स्वतंत्रपूर. औंध संस्थाननं १९३९ साली आटपाडीजवळ सुरू केलेली ही कैद्यांची खुली वसाहत. तिच्यावरनंच गदिमांची कथा आणि व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' आला. गदिमा इथल्याच मातीतले, जन्म शेटफळ्याचा. साहजिकच तिथं शूट करावं वाटतं. पण ते आजही कारागृह आहे, कैद्यांची कुटुंबंही तिथं राहतात. तुरुंग विभागाच्या लेखी परवानगीशिवाय फोन बाहेर काढू नका, आणि परवानगी मिळाली तरी चेहरे नकोत. कुणाची तरी पोरं तिथनं शाळेत जातात.

बाजारातही तेच. आधी विचारा, मग रेकॉर्ड करा. 'कशाला पाहिजे?' असं विचारलं तर घेतलेला आवाज हेडफोनवर ऐकवा. स्वतःच्या मेंढरांचा आवाज ऐकून माणूस हसतो आणि पुढचं तोच सांगायला लागतो, कुठली घंटा कुणाच्या गळ्यातली आहे ते.

एक शेवटची अडचण सांगतो, कारण यात बरेच जण अडकतात. यात्रेत आणि बाजारात लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी चालू असतात. ती तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आली की युट्यूबवर कॉपीराइट क्लेम येऊ शकतो. म्हणून पहाटे जा, टेम्पोतनं जनावरं उतरत असतात तेव्हा. स्पीकर अजून लागलेला नसतो आणि उजेडही चांगला असतो.