गोदामातला शेजार

दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन येतो आणि तो आठवडाभर कारखान्यांत, शाळांत, सोसायट्यांत लाल नळकांडी कशी चालवायची याची प्रात्यक्षिकं होतात. बिडी-सिगारेट, उघडी वायर, वेल्डिंगची ठिणगी यांबद्दल बजावलं जातं आणि ते योग्यच आहे. पण हा दिवस ज्या दुर्घटनेच्या स्मरणार्थ पाळला जातो, तिच्यात ठिणगीपेक्षा साठवणीचा वाटा मोठा होता. १९४४ साली ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज इंग्लंडहून सुमारे १,४०० टन स्फोटकं घेऊन निघालं. कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, वंगणतेल, लाकूड, भंगार भरण्यात आलं. कप्तानाला हा शेजार पसंत नव्हता, पण युद्धाची घाई होती आणि जहाजातली जागा रिकामी नेणं परवडत नव्हतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ तारखेच्या दुपारी धूर दिसला. जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतूनही आग आटोक्यात आली नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शेकडो माणसं गेली आणि त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. त्या पुढे कित्येक वर्षं गोदीच्या गाळातून सापडत राहिल्या आणि लोकांच्या स्मरणात, दुर्दैवाने, तेवढंच उरलं. ठिणगी कशाची यावर पुष्कळ तर्क झाले. कापूस आणि स्फोटकं एकत्र का ठेवली, याला मात्र घाई सोडून दुसरं उत्तर नव्हतं.

साठवलेली वस्तू स्वस्थ पडून असते, हा आपला गैरसमज आहे. पालघर जिल्ह्यातल्या माकुणसारसारख्या गावात भात झोडून झालं की पेंढा रचला जातो. जिल्ह्यातलं गवत दाबून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जात आलं आहे. हे गवत पुरतं वाळण्याआधी रचलं, किंवा अवेळी पावसात भिजलं, तर गंजीच्या पोटात बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात. त्यांच्या श्वसनातून उष्णता निघते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे दाखवलं आणि १९०७ साली ह्यूगो मीहे यांनी तापलेल्या गवतातल्या उष्णताप्रेमी जिवाणू-बुरशांवर अख्खं पुस्तक लिहिलं. सत्तर अंशांच्या आसपास बहुतेक जीव स्वतःच्याच उष्णतेने मरतात. पण तोवर गवताचं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावणं वेगाने सुरू झालेलं असतं आणि पुढचं काम रसायनशास्त्र करतं. बिडी नाही, वायर नाही, तरी काही आठवड्यांनी आतून धूर येतो. शिवाय गंजीला आग लागली नाही म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही. त्याच उष्णताप्रेमी जिवाणूंची भुकटी बुरसटलेला गठ्ठा फोडताना छातीत जाते. त्यातून होणाऱ्या दम्यासारख्या आजाराला जगभर शेतकऱ्याचं फुप्फुस म्हणतात. वखारीतला हमाल विडी ओढत नसला तरी त्याला धाप लागू शकते, ती यामुळे.

आता प्रश्न असा, की लहान गंजी का पेटत नाही आणि मोठी का पेटते? याचं गणित १९३९ साली दाविद फ्रांक-कामेनेत्स्की या तरुण सोव्हिएत शास्त्रज्ञाने मांडलं. त्याचे गुरू निकोलाय सेम्योनोव्ह यांना १९५६ साली नोबेल मिळालं. शिष्याचं नाव मात्र अभियांत्रिकीच्या पुस्तकांबाहेर फारसं कोणी घेत नाही. हा गृहस्थ पुढे ताऱ्यांच्या पोटात काय चालतं यावरही पुस्तक लिहून गेला आणि एका अर्थी विषय तोच होता. उष्णता निर्माण होते ती साऱ्या आकारमानात, बाहेर पडते ती फक्त पृष्ठभागातून. ताटलीत वाढलेला भात निवतो आणि पातेल्यातला तासाभराने वाफाळत असतो, तसंच हे. फ्रांक-कामेनेत्स्कीने या दोहोंची तुलना करणारी एक संख्या काढली. सपाट थरासाठी ती ०.८८ च्या पुढे गेली, गोल ढिगासाठी ३.३२ च्या पुढे गेली, की आतली उष्णता बाहेर पडण्याचा वेग अपुरा ठरतो आणि ढीग स्वतःहून पेटण्याकडे सरकू लागतो. गंमत म्हणजे ही संख्या ढिगाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जाडी निम्मी केली तर संख्या एक चतुर्थांश होते. म्हणजे एका मोठ्या गंजीऐवजी मधे वाट सोडून बारक्या गंज्या रचणं ही सवयीची बाब नसून गणिताची आहे. गवत, कोळसा, तेलकट चिंध्या, मासळीची भुकटी या सगळ्यांना हाच हिशेब लागू पडतो.

७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एका कारखान्यात जी वायुगळती झाली, तिचं मूळही याच हिशेबात होतं. टाळेबंदीत कारखाना बंद होता. प्लास्टिक बनवायचं स्टायरीन टाकीत नुसतं ठेवलेलं होतं. पण स्टायरीनचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जातात आणि त्यातून उष्णता निघते, म्हणून त्यात ही साखळी रोखणारं द्रव्य मिसळतात आणि टाकी थंड ठेवतात. ही काळजी अपुरी पडली आणि बारा माणसं गेली. भोपाळच्या वायुकांडातली टाकीही साठवणीचीच होती, आणि तिची थंड करणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, जसा ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी झाला, की चर्चा रिॲक्टरची होते, कारण तिथे यंत्रं फिरत असतात. मागच्या शेडमधले ड्रम कोणी मोजत नाही. त्याच वर्षी ४ ऑगस्टला बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं. ते २०१४ पासून गोदामात पडून होतं. ती बातमी वाचून चेन्नईत शोध घेतला, तेव्हा तिथेही २०१५ पासून जप्तीतलं सुमारे ७०० टन तेच रसायन निघालं आणि घाईने हैदराबादला हलवावं लागलं. कायद्याला हे कळत नाही असं नाही. घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण व आयातीच्या १९८९ च्या नियमांत निव्वळ साठवणीसाठी स्वतंत्र अनुसूची आहे, मर्यादेचे आकडे आहेत. पण हे आकडे एका जागेतल्या एका रसायनाच्या टनांत बोलतात. महिन्याच्या भाड्याने खोल्या देणाऱ्या नव्या साठवणगृहांत एका शटरमागे कोणाचं फर्निचर, दुसऱ्यामागे रंगाचे डबे आणि थिनर, तिसऱ्यामागे जुन्या स्कूटरची लिथियम बॅटरी असते. प्रत्येक वस्तू नियमांच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी, आणि मधली भिंत पत्र्याची.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की बहुतेक आगी विजेच्या बिघाडाने लागतात, तिकडे आधी लक्ष द्या. द्यावंच. पण ठिणगी शंभर ठिकाणी पडते आणि नव्व्याण्णव ठिकाणी विझते. शंभराव्या ठिकाणी काय होईल, हे तिथे काय रचलंय त्यावर ठरतं. दुसरा आक्षेप जागेच्या भाड्याचा, आणि तो खरा आहे: मधल्या वाटेचं भाडं कोणी देत नाही. पण फोर्ट स्टिकीनवरही हाच हिशेब केला होता. तिसरा आक्षेप खाजगीपणाचा: ग्राहकाच्या खोलीत काय आहे हे विचारायचं कसं? यादी मागायची गरज नाही, वर्ग पुरेसा आहे. ज्वालाग्राही, बॅटरी, रसायन, साधा माल एवढं दारावर लिहून घेतलं तरी आग विझवायला आलेल्या माणसाला पाणी मारायचं की नाही हे कळतं. ब्रिटिश सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रसायन कारखान्यातल्या १९७४ च्या स्फोटानंतर याच्याही पुढचा मुद्दा धरला: साठाच कमी ठेवा. त्यांचं म्हणणं उद्योगांना पटायला फार वेळ लागला, कारण भरलेली टाकी दिसली की मालकाला श्रीमंत वाटतं.

शेजाराचा विचार करून रचलेली साठवण पाहायची असेल तर ती आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. तारापूर अणुवीज केंद्राच्या १९६९ साली सुरू झालेल्या अणुभट्ट्यांतलं वापरलेलं इंधन पाण्याखाली, ठरावीक अंतर राखलेल्या चौकटींत उभं असतं. ते अंतर कमी झालं तर अणुविखंडनाची साखळी पुन्हा चालू होऊ शकते, म्हणून एकेका जुडीची जागा नोंदलेली असते. काचेत बंदिस्त केलेल्या किरणोत्सारी कचऱ्याच्या तळघराला उंच धुराडं जोडलेलं आहे. तापलेली हवा वर चढते आणि खालून थंड हवा आपोआप आत येते, पंख्याची गरज पडत नाही. ही अणुऊर्जेची भलामण नाही, तिच्यावर वेगळे आक्षेप आहेत. पण मालाची जात, अंतर आणि हवा या तीन गोष्टी तिथे आधी ठरतात आणि माल नंतर येतो. पत्र्याच्या शेडमध्ये हे उलट्या क्रमाने होतं.

ज्यांच्याकडे गोदाम, वखार किंवा गंजी आहे, त्यांनी मालाच्या वर्गांची यादी आत न ठेवता फाटकापाशी लावावी आणि एक प्रत जवळच्या अग्निशमन केंद्रात द्यावी. गंजीतून आंबूस-भाजका वास किंवा वाफ येत असेल तर ती उकरू नका. आत हवा शिरताच भडका उडतो. आधी १०१ वर फोन करा.