मराठा नावाची गोरी पलटण

के. आर. पुरम, बेंगळुरू

इथल्या झुलत्या पुलाखालून रेल्वे जाते. हा जोलारपेट-बेंगळुरू मार्ग 1864 साली सुरू झाला. पुढे तो मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे आला. मिरज-बेळगावकडच्या जुन्या माणसांना ही कंपनी ठाऊक असते. तिची स्वतःची पलटण होती, हे मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे रायफल्स असं तिचं नाव. नावात मराठा, पण भरती फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांची. 1857 नंतर सरकारला रेल्वे, तारा आणि शस्त्रागारं भारतीयांच्या हाती सोपवायची भीती वाटू लागली. म्हणून गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फिटर यांनाच कवायत शिकवून बंदुका दिल्या. पुढे अनेक रेल्वेंत या वर्गाच्या नोकरीला पलटणीत नाव घालण्याची अटच जोडली गेली. आठवडाभर इंजिन चालवणारा माणूस सुट्टीच्या दिवशी चांदमारीला उभा राही. अशा पलटणी देशभर होत्या. कलकत्त्याच्या स्कॉटिश मंडळींनी 1914 मध्ये किल्ट आणि बॅगपाइपसह कॅलकटा स्कॉटिश उभारली, तीही याच जातकुळीतली.

1917 मध्ये भारतीयांनाही घेणारी इंडियन डिफेन्स फोर्स निघाली तेव्हा पुण्यात टिळकांनी तरुणांना भरती व्हायला सांगितलं. शस्त्र हाती येणं हा त्यांच्या लेखी स्वराज्याचाच भाग होता. 1920 मध्ये सरकारने उत्तर दिलं ते दोन वेगळ्या कायद्यांनी: गोऱ्यांसाठी आणि अँग्लो-इंडियनांसाठी ऑक्झिलियरी फोर्स, भारतीयांसाठी टेरिटोरियल फोर्स. रेल्वे पलटणी पहिल्या खात्यात गेल्या. त्यांचं मुख्य काम परकीय शत्रूशी लढण्याचं नव्हतं. दंगा, संप, बंड झालं तर उभं राहायचं होतं. दोन कायद्यांतला हा भेदभाव मला आजही टोचतो. 18 एप्रिल 1930 ला क्रांतिकारक सूर्य सेन यांच्या साथीदारांनी चितगावात हल्ला केला, तो पोलिसांच्या शस्त्रागाराबरोबर याच ऑक्झिलियरी फोर्सच्या शस्त्रागारावर. बंदुका मिळाल्या, लुईस गनही मिळाल्या. काडतुसं मात्र दुसरीकडे ठेवलेली होती, ती सापडलीच नाहीत.

पण पलटणीतल्या माणसांना निव्वळ साहेबाचे हस्तक म्हणणंही अन्यायाचं. के. आर. पुरमला लागूनच व्हाइटफील्ड आहे. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर डी. एस. व्हाइट यांनी 1882 मध्ये युरेशियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ही वसाहत वसवली. आज तिथे आयटी कंपन्यांचे मनोरे दिसतात, पण त्या समाजाच्या कित्येक घरांचा संसार रेल्वेच्या पगारावर चालला. बंदूक त्यांना नोकरीसोबत मिळाली होती.

1947 मध्ये ऑक्झिलियरी फोर्स बरखास्त झाली. टेरिटोरियल आर्मी 1949 मध्ये नव्याने उभी राहिली आणि तिच्यात रेल्वेच्या तुकड्याही आल्या. 1974 च्या संपात गाड्या चालत्या ठेवायला सरकारने त्यांनाच बोलावलं. त्याच्या बरंच आधी अँग्लो-इंडियनांना रेल्वेत असलेलं आरक्षण घटनेनं दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवलं आणि त्यांतली अनेक कुटुंबं ऑस्ट्रेलिया-इंग्लंडला निघून गेली.