अफूजन्य व्यसन: गोळी आणि समुपदेशन दोन्ही का लागतात?

गर्द सोडून महिना झालेला माणूस घरी परततो, तेव्हा घरच्यांना वाटते, सुटला एकदाचा. डॉक्टरांना मात्र याच काळाची धास्ती असते. पदार्थ पचवण्याची शरीराची सवय तोवर उतरलेली असते, ओढ मात्र तशीच असते. अशा वेळी पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचाच भेसळयुक्त प्रकार. अफू, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही त्याच कुळातली. गर्द थांबवली की नाक-डोळे वाहतात, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, झोप उडते. हा त्रास दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचतो आणि साधारण आठवड्यात ओसरतो. ‘कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ हा सल्ला फार तर या आठवड्यापुरता. खरे तर तेवढ्यापुरताही तो धोक्याचाच.

ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मेंदूत हेरॉइनच्याच जागी जाऊन बसते, पण काम अर्धेच करते. त्रास आणि ओढ आवरते, आणि ठरावीक मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही. ‘म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावली’ असे नातेवाईक म्हणतात. पण ही गोळी घेणारा माणूस कामावर जातो, रात्री झोपतो. रक्तदाबाच्या गोळीसारखी ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. घाईने बंद करणे हीच मोठी चूक. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोनसह हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

पण पगाराचा दिवस, जुने मित्र, घरातले भांडण यांवर गोळी नाही. तिथे समुपदेशन लागते. राजुरीच्याच जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातल्या तरुणांवर लिहिले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झाले. ते उभे केले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही चालतो, कारण व्यसनाने घरही आजारी पडते.

एखादा समुपदेशनाला तयार नसेल, तर मात्र त्याची गोळी अडवू नये. आधी जीव वाचू द्यावा. बोलणे पुढे होईल.

राजुरीहून पुण्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे: एका वेळी किती दिवसांची गोळी मिळेल? पुढचे समुपदेशन फोनवर होईल का? व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास फार मंद असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन करून काय घेतले ते स्पष्ट सांगावे.