मुलं मोजा, मग मैदान मागा

वाढती गावं, वाढत्या गरजा : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण वाढत्या उपनगरांच्या पाण्याचा हिशेब पाहिला. पाण्याची टंचाई झाली की माणसं हंडे घेऊन रस्त्यावर येतात, टँकर लागतात, बातमी होते. मैदानाची टंचाई झाली की मुलं गुपचूप घरात बसतात. कुणी मोर्चा काढत नाही. त्यामुळे ही टंचाई कुणीतरी जाऊन मोजावी लागते, आणि आज तेच करायचं आहे.

उदाहरण पुण्याच्या कडेचं घेऊ. ऑक्टोबर 2017 मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत 11 गावं आली आणि जून 2021 च्या अखेरीस आणखी 23 आली. वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, पिसोळी ही त्यातलीच. शेजारच्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 10 लाख होती, ती 2011 मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. दहा वर्षांत 70 टक्के वाढ म्हणजे माणसं आधी येऊन राहतात आणि सोयी मागून येतात.

या गावांत मुलं पूर्वी खेळत नव्हती, असं मुळीच नाही. गायरान होतं, जत्रेत कुस्त्या व्हायच्या ती जागा होती, जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण होतं, काढणीनंतर मोकळी पडलेली शेतं होती. पण मैदान म्हणून यांपैकी बहुतेकांची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती. पाण्याची टाकी, कचरा वेगळा करण्याची शेड, पोलीस चौकी बांधायची वेळ आली की अशीच जागा ‘रिकामी’ म्हणून पुढे येते. तिथे रोज संध्याकाळी पन्नास-साठ मुलं खेळत असतात, हे सांगणारा कागद फाईलमध्ये नसतो. गरजेची मोजणी करायची ती हा कागद तयार व्हावा म्हणून.

पहिला प्रश्न, मुलं किती? जनगणनेकडे पाहून उपयोग नाही. हाती असलेली शेवटची 2011 ची आहे आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. 2011 मध्ये जिथे ज्वारी होती, तिथे आज बारा मजली इमारती आहेत. मग आकडे कुठून आणायचे? शाळांच्या पटावरून इयत्तावार मुलं कळतात. मिळकतकराच्या नोंदींवरून घरं कळतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या पण अजून न भरलेल्या इमारतींवरून येत्या दोन-तीन वर्षांत किती कुटुंबं येणार, याचा अंदाज बांधता येतो. अंगणवाडी सेविकेकडची यादी तर सोन्यासारखी, कारण तिच्यात भाड्याच्या खोल्यांतली आणि बांधकामावरच्या मजुरांची मुलंही पुष्कळदा सापडतात.

इथे एक खाचखळगा आहे. नव्या उपनगरात राहायला येतात ती बहुतेक तरुण जोडपी. त्यांची मुलं आज दोन-चार वर्षांची असतात. आजची पाहणी केली तर घसरगुंड्या आणि झोपाळे कमी पडताहेत असं दिसेल आणि सगळा पैसा त्यात जाईल. आठ वर्षांनी हीच मुलं बारा वर्षांची होतील, तेव्हा त्यांना धावायला जागा लागेल आणि ती जागा तोवर गेलेली असेल. म्हणून मोजणी आजच्या वयांची करायची, पण हिशेब दहा वर्षांनंतरचा मांडायचा.

आता जागेचं गणित. नगरनियोजनासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांच्यानुसार दर 5,000 लोकांमागे 5,000 चौरस मीटरचं खेळाचं मैदान असावं, दर 15,000 लोकांमागे दीड हेक्टरचं, आणि लाखभर लोकांमागे 8 हेक्टरचं क्रीडा केंद्र. समजा, एका उपनगरात 60,000 लोक आहेत. पहिल्या दोन मानकांप्रमाणे तिथे 12 हेक्टर, म्हणजे जवळपास 30 एकर जागा हवी. आपल्या भाषेत 1,200 गुंठे.

हा आकडा ऐकून खूप वाटतो, म्हणून दुसऱ्या बाजूनेही मोजू. 60,000 लोकांत 6 ते 17 वयाची 12,000 मुलं धरू आणि त्यांतली निम्मीच बाहेर पडली असं मानू. या वयाच्या मुलांना रोज सरासरी किमान 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा आणि शिकवण्यांतून मोकळी वेळ उरते ती संध्याकाळी पाच ते साडेसात. सहा हजार मुलांना प्रत्येकी एक तास द्यायचा आणि तोही या अडीच तासांत, तर एका वेळी 2,400 मुलं मैदानावर असणार. मानकातली सगळी जागा मिळाली, अगदी एक गुंठाही कमी न होता मिळाली, तरी एका मुलाच्या वाट्याला अर्धा गुंठा येतो.

त्या अर्ध्या गुंठ्यात कोणता खेळ बसतो? क्रिकेटची सीमारेषा खेळपट्टीपासून 65 यार्डांवर धरली तरी पावणेतीन एकर जागा जाते. दोन्ही संघ मिळून बावीस जण, म्हणजे डोई पाच गुंठे. फुटबॉलचं 105 बाय 68 मीटरचं मैदान पावणेदोन एकर खातं. तिथे डोई तीन गुंठे लागतात. खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटरचं. भोवतालची मोकळी पट्टी धरून सहा गुंठे पुरतात आणि त्यात चोवीसेक मुलं सराव करतात. डोई पाव गुंठा. कबड्डीचं 13 बाय 10 मीटरचं मैदान भोवतालच्या जागेसह तीन-चार गुंठ्यांत बसतं. मल्लखांबाला तर याहूनही कमी जागा पुरते.

क्रिकेट खेळू नका, असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्या मुलांचा जीव त्या खेळात आहे आणि त्यांना त्यासाठी जागा मिळालीच पाहिजे. पण प्रत्येक नगरसेवकाच्या पत्रकात ‘भव्य क्रिकेट मैदान’ असतं आणि खो-खोसाठी सहा गुंठे मागणारं कुणी नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1914 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात ज्या खेळाचे नियम लिहिले गेले, त्याचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाला. भारताने तो पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. कमी जागेत जास्तीत जास्त मुलांना घाम गाळायला लावणारे खेळ आपल्या हाताशी आहेत, आणि दाट वस्तीसाठी ते अगदी योग्य आहेत.

यानंतर असलेल्या जागांची यादी. ती नकाशावर करायची नाही, पायी फिरून करायची. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असणं अपेक्षित आहे, म्हणजे वस्तीत शाळेगणिक एक मैदान सापडायला हवं. पण संध्याकाळी पाच वाजता त्या शाळेच्या फाटकाला कुलूप असतं. मग ते मैदान यादीत धरायचं की नाही? माझं उत्तर, वेगळ्या रकान्यात धरायचं आणि पुढे लिहायचं: किल्ली कुणाकडे आहे, पहारेकऱ्याचा पगार कोण देणार, खिडकीची काच फुटली तर भरपाई कुणाची. एवढ्या तीन गोष्टींचा लेखी करार झाला तर एक रुपयाची जमीन न घेता वस्तीला मैदान मिळतं. नव्या जागेसाठी दहा वर्षं झगडण्याआधी हे करून पाहायला हवं.

मोठ्या सोसायट्यांचंही तसंच. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवावी लागते. कागदावर ती असते. प्रत्यक्षात तिथे हिरवळ, कारंजं, चालायची फरसबंद वाट आणि ‘येथे चेंडू खेळू नये’ अशी पाटी असते. अशी जागा मुलांच्या मैदानांत मोजू नये. पैसे भरून तासाने मिळणारं टर्फही वेगळं लिहावं; ज्यांना परवडतं त्यांच्यापुरतं ते आहे.

मैदान असलं तरी ते वर्षातले किती दिवस खेळायला मिळतं, हेही मोजावं लागतं. फटाक्यांचे स्टॉल, नवरात्राचा मांडव, लग्नं, प्रदर्शनं, सभा. मांडव उठला तरी खिळे आणि खड्डे महिनाभर राहतात. त्यात पावसाळा. काळ्या मातीच्या मैदानावर जुलै-ऑगस्टमध्ये पाय ठेवता येत नाही, आणि आपल्या शालेय स्पर्धांचा हंगाम मात्र त्याच सुमारास सुरू होतो. म्हणजे ऐन सरावाच्या दिवसांत मुलं घरी. म्हणून माझ्या मते या गावांना प्रेक्षागारापेक्षा पत्र्याची एक उंच, हवेशीर शेड आणि पाणी वाहून जाईल असं मुरमाचं मैदान आधी हवं.

आता सगळ्यात महत्त्वाची मोजणी. मैदानावर जी मुलं दिसतात त्यांना मोजणं सोपं आहे. जी तिथे नाहीत त्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये 2016 पर्यंतच्या माहितीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. जगातल्या 11 ते 17 वयाच्या मुलांपैकी 81 टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत, असं त्यात आढळलं. मुलग्यांत हे प्रमाण 78 टक्के होतं, तर मुलींत 85. आपल्याकडचं कोणतंही मैदान संध्याकाळी सहा वाजता पाहा. आठ-नऊ वर्षांच्या मुली दिसतात. तेरा-चौदा वर्षांच्या शोधाव्या लागतात. त्यांना खेळायची हौस नाही, असं म्हणून पाहणी करणारे मोकळे होतात. जरा विचारून पाहिलं तर कारणं साधी निघतात. मैदानापासून घरापर्यंतच्या बोळात दिवा नाही. स्वच्छतागृह नाही, किंवा आहे पण त्याला कडी नाही. मोठी मुलं कडेला टवाळक्या करत बसतात. शिकवायला बाई नाहीत. यातल्या एकाही अडचणीवर उपाय म्हणून स्टेडियम लागत नाही. हेच प्रश्न व्हीलचेअरवरच्या मुलाच्या बाबतीत विचारले तर फाटकाजवळची एक पायरी अडचण म्हणून पुढे येते.

अशी उत्तरं मिळायला प्रश्नही तसेच हवेत. ‘तुम्हाला कोणती क्रीडासुविधा हवी?’ असं सभेत विचारलं की जलतरण तलाव हे उत्तर ठरलेलं. तलाव बांधायला सोपा, चालवायला महाग. दोन वर्षांत कोरडा पडलेला तलाव पुष्कळ गावांनी पाहिला आहे. त्याऐवजी मुलांना एवढंच विचारा, ‘काल संध्याकाळी पाच ते सात कुठे होतास? काय करत होतास? सोबत कोण होतं?’ मुलींना हे वेगळं, वडीलधाऱ्यांच्या माघारी, शाळेतल्या बाईंकरवी विचारा.

अंतर विसरू नका. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, तिथे 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे. पण वाघोलीच्या दहा वर्षांच्या मुलासाठी ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याला हवं ते मैदान घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर, आणि मधे नगर रस्त्यासारखा महामार्ग ओलांडावा न लागता. नकाशावर महामार्ग, ओढा आणि रेल्वेमार्ग यांनी वस्तीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करावा. एकूण बेरीज बरोबर आली तरी एखाद्या तुकड्याच्या वाट्याला शून्य आलेलं असू शकतं.

या सगळ्याला घाई का, तेही सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षण टाकता येतं. पण त्याच कायद्याच्या कलम 127 प्रमाणे अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. यात मालकाचा दोष नाही. त्याची जमीन जन्मभर अडकवून ठेवणं अन्यायाचंच आहे. म्हणून पालिकेकडे माहितीच्या अधिकारात एकच यादी मागा: आपल्या भागातली मैदानांची आरक्षणं, प्रत्येकाचं क्षेत्र, ताबा मिळाला का, आणि दहा वर्षं कधी भरतात.

तुमच्या वस्तीत हे काम करायला संस्था नको, चार-पाच माणसं पुरेत. कामाचा एक दिवस आणि एक रविवार निवडा. संध्याकाळी साडेपाचला प्रत्येक मोकळ्या जागेवर एकाने उभं राहून मुलगे किती, मुली किती, वय साधारण काय आणि खेळ कोणता, एवढं वहीत लिहा. हीच मोजणी ऐन पावसाळ्यात पुन्हा करा. शाळांचा पट आणि माहितीच्या अधिकारातली यादी त्याला जोडा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक दिवसच मिळतात आणि तेवढ्यात अशी मोजणी उरकत नाही. ती आधीच करून ठेवा.