राजा आणि त्याचे मन

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेले प्राचीन गाव आहे. गावाजवळच्या दरीत मुकुंदराजांचे समाधिस्थान दाखवितात. त्यांचा 'विवेकसिंधु' हा मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक मानला जातो. परंपरेनुसार तो शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये रचला गेला. जैत्रपाळ नावाच्या राजाने हा ग्रंथ करविला, असा उल्लेख त्यातच आहे.

या राजाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर बसण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात मला ब्रह्म दाखवा, असा त्याचा हट्ट होता. ज्या साधूंना हे साधले नाही, त्यांना त्याने कैदेत टाकले. अखेर मुकुंदराजांनी त्याचे मन अंतर्मुख केले आणि साधूंची सुटका झाली. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे. परंतु तिच्यातील प्रश्न खरा आहे. ज्याच्या आज्ञेत सारे राज्य आहे, पण स्वतःचे मन मात्र नाही, त्याला राजा कसे म्हणावे?

मुकुंदराजांच्या सुमारे हजार वर्षे आधी, दूर रोममध्ये, एका सम्राटाने या प्रश्नाचा जन्मभर विचार केला. त्याचे नाव मार्कस ऑरेलियस. इ. स. १६१ पासून १८० पर्यंत त्याने विशाल साम्राज्यावर राज्य केले. त्याला राजगुरूंची उणीव नव्हती. तरीही तो स्वतःच स्वतःचा गुरू झाला.

तो स्टोइक पंथाचा अनुयायी होता. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास झेनो नावाचा तत्त्वज्ञ अथेन्स नगरीत खांबांच्या एका ओसरीत शिष्यांना शिकवीत असे. अशा ओसरीस ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणतात. त्यावरून पंथास हे नाव पडले. काही गोष्टी आपल्या हाती असतात, काही नसतात, हा भेद ओळखणे ही या पंथाची मुख्य शिकवण होय. आपल्या बालाघाटावरील शेतकऱ्याचेच उदाहरण घ्या. पाऊस पाडणे त्याच्या हाती नाही. पण शेताला बांध घालणे, बियाणे निवडून ठेवणे हे त्याच्या हाती आहे. जे हाती नाही त्याचा शोक करू नये आणि जे हाती आहे त्यात कसूर करू नये, असे हे तत्त्वज्ञान सांगते.

मार्कसच्या कारकिर्दीत भयंकर साथ पसरली. डॅन्यूब नदीच्या सीमेवर वर्षानुवर्षे युद्ध चालले. त्याची कित्येक मुले बालपणीच दगावली. या धामधुमीत तो ग्रीक भाषेत आपले विचार टिपून ठेवी. ते दुसऱ्या कोणासाठी नव्हते, स्वतःच्या मनाला समजावण्यासाठी होते. सकाळी अंथरूण सोडवेनासे झाले, तर तो मनाला विचारी की, आपला जन्म ऊब घेत पडून राहण्यासाठी आहे की माणसाला साजेसे काम करण्यासाठी? आज उद्धट, कृतघ्न माणसे भेटतील, तरी तीही आपली आप्तच आहेत, असे तो स्वतःला बजावी. सम्राटपदाचा डौल अंगात भिनू नये, म्हणून तो फार जपत असे.

या उपदेशाची कसोटी इ. स. १७५ मध्ये लागली. कॅसियस नावाच्या सेनापतीने बंड करून स्वतःस सम्राट म्हणवून घेतले. मार्कसची इच्छा त्याला क्षमा करण्याची होती. परंतु कॅसियसच्याच माणसांनी त्याला ठार केले व त्याचे शिर सम्राटाकडे पाठविले. मार्कसने ते पाहण्याचे नाकारले आणि त्याचे दफन करविले. हाती सत्ता असूनही त्याने सूडबुद्धीस मनावर राज्य करू दिले नाही.

मुकुंदराजांचे साध्य ब्रह्मज्ञान होते, तर मार्कसचे साध्य कर्तव्य. दोघांचे मार्ग भिन्न असले, तरी दोघांनीही विवेकाचीच कास धरली. एका क्षणात ज्ञान मागणारा राजा आणि रोज थोडे थोडे मन घडविणारा राजा, यांतील अंतर ध्यानात घ्यावे. आपण राजे नसलो, तरी प्रत्येकास मनाचे राज्य मिळालेले आहे. ते नीट चालविणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.