सापाच्या पेटीत काय अंथरावं?

पावसाळ्यात सातपुड्यातल्या तोरणमाळला धुकं असं उतरतं की यशवंत तलावाचं पाणी दहा पावलांवरूनही दिसत नाही. अशाच एका सकाळी तलावाजवळच्या चहाच्या टपरीवर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने रंगाची रिकामी बादली माझ्यापुढे आणून ठेवली. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं, आत चार बोटं लाकडाचा भुसा आणि त्यात अर्धं बुडालेलं गवत्या सापाचं पिल्लू. हिरवं अंग, मानेवर काळ्या-पिवळ्या रंगाचा बाण.

"सर, दोन दिवस झाले, बेडूक टाकला तरी खात नाही. भुसा बदलू, की खाली माती घालू?"

वाकून पाहिलं. पिल्लाच्या ओठांच्या कडेला आणि नाकपुडीपाशी भुशाचे ओले कण लापशीसारखे चिकटले होते. ते डोकं बादलीच्या भिंतीला घासत होतं आणि जीभ बाहेर काढली की जिभेला भुसा लागत होता. मी म्हटलं, "बाळा, याच्याखाली काहीच घालायचं नाही. हा या बादलीत असायलाच नको."

त्याला वाटत होतं की नाग किंवा घोणस धरली तर गुन्हा. गवत्या, धामण, दिवड बिनविषारी, ते पाळले तर कोण विचारतो? हा समज शहाद्यापासून पुण्यापर्यंत सगळीकडे आहे आणि तो पूर्ण चुकीचा आहे. आपल्या रानात, शेतात सापडणारे साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. विषारी-बिनविषारी असा भेद त्यात नाही. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत कैद ३ ते ७ वर्षांची आहे. सर्पमित्र म्हणवून घेतलं म्हणून घरी साप ठेवायची मुभा मिळत नाही. पकडलेला साप वन विभागाला कळवून लवकरात लवकर त्याच्या जागी सोडायचा असतो.

मग घरात कायद्याने ठेवता येतील असे साप उरतात ते परदेशी: पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन, अमेरिकेतला कॉर्न स्नेक, असे काही. त्यातही बॉल पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी तो कुठून आणला याचे कागद जपून ठेवावेत. आणि अंथरुणाचा प्रश्न खरा पडतो तो असे परदेशी साप पाळणाऱ्यांना. पुणे, मुंबई, नाशिकच्या फ्लॅटमध्ये काचेची पेटी असते, साप असतो आणि खाली काय घालावं याबद्दल ऐकीव माहितीचा ढीग असतो.

त्या ढिगात सगळ्यात वर भुसा. "वखारीत फुकट मिळतो, ससे-कोंबड्यांना चालतो, मग सापाला का नाही?" सापाची छाती आपल्यासारखी नाही म्हणून. बहुतेक सापांचं एकच, उजवं फुप्फुस काम करतं. डावं नावापुरतं किंवा नसतंच. छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा त्याच्याकडे नाही, त्यामुळे आत गेलेली धूळ तो आपल्यासारखी खोकून बाहेर टाकू शकत नाही. साप जमिनीपासून बोटभर अंतरावर श्वास घेतो आणि वास घ्यायला जीभ सतत बाहेर काढतो. धूळ नेमकी तिथेच असते. त्यात लाकूड कोणतं यालाही महत्त्व आहे. देवदार आणि चीड यांत उडून जाणारी तेलं असतात. बंद पेटीत ती साचतात आणि श्वासनलिकेची आग करतात. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड बहुधा चिडाचंच. सागाच्या भुशाने तर सुतारांच्याही हातावर खाज आणि पुरळ उठतं. परदेशात अ‍ॅस्पेन झाडाचा किस वापरतात, कारण त्यात ही तेलं जवळपास नसतात. पण तोही ओला झाला की बुरशी धरतो. आपल्याकडच्या वखारीचा सरमिसळ भुसा म्हणजे अ‍ॅस्पेन नव्हे, हे दुकानदाराने काहीही सांगितलं तरी लक्षात ठेवा.

भाताचं तूस, कडबा, कापूस यांत वेळ घालवू नये. तुसाला टोकं आणि धूळ, कडब्याला बुरशी, आणि कापसाचे धागे दातांत अडकतात.

दुसरा मोठा गैरसमज वाळूचा. चित्रात साप म्हटला की वाळवंट असतं, म्हणून पेटीत वाळू. बॉल पायथन वाळवंटातला नाही. भक्ष्य गिळताना वाळू पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं आणि कोरड्या वाळूत कात नीट निघत नाही. पण वाळू सरसकट वाईट असंही नाही. चेन्नईजवळ वडनेम्मेलीला १९७८ साली स्थापन झालेली इरुला सर्पपकड्यांची सहकारी संस्था सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी सापांचं विष काढते. तिथे नाग, घोणस, मण्यार, फुरसं मातीच्या मडक्यात ठेवतात: तळाला वाळू, तोंडाला सुती कापड. मडकं झिरपतं, गार राहतं, आत अंधार असतो; साप ठरावीक आठवडेच तिथे राहतो आणि मग सोडला जातो. तिथे वाळू चालते कारण बाकी सगळी व्यवस्था तिला धरून आहे. काचेच्या पेटीत, दिव्याखाली, वर्षानुवर्षं ठेवायच्या सापाला तीच वाळू त्रास देते.

आपली म्हण आहे, आयत्या बिळावर नागोबा. ती माणसांना लावतात, पण सापाबद्दल ती शब्दशः खरी आहे. नाग वारूळ बांधत नाही, ते वाळवी बांधते. धामणही उंदराच्या बिळात शिरते. तिथे सापाला काय मिळतं? अंधार, अंगाला लागणाऱ्या भिंती, बाहेरच्या उन्हाथंडीपेक्षा कमी बदलणारं तापमान आणि बेताची ओल. पेटीतलं अंथरूण हे या बिळाचं काम करतं की नाही एवढंच बघायचं. दिसायला ते जंगलासारखं आहे की नाही, हा प्रश्न माणसाच्या डोळ्यांचा आहे.

म्हणूनच जुनं वर्तमानपत्र कमी दर्जाचं, हा समज मला मोडून काढायचा आहे. नवा साप घरी आला, साप आजारी असला, की पहिले काही आठवडे कागदासारखं दुसरं काही नाही. कोरा पांढरा कागदी टॉवेल असेल तर उत्तमच. त्यावर विष्ठा कशी आहे ते दिसतं, रक्ताचा थेंब दिसतो आणि सगळ्यात महत्त्वाचं, सापाच्या अंगावरच्या गोचिडांसारख्या बारीक किडी काळ्या ठिपक्यांसारख्या फिरताना दिसतात. भुशात त्या महिनाभर सापडत नाहीत, तोवर डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली रक्त पीत बसतात. लपायला जागा मात्र द्यायला हवी. पुठ्ठ्याचं खोकं आडवं करून ठेवलं तरी पुरतं.

ओलीबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो, साप थंड रक्ताचा, त्याला ओलं आवडतं, रोज पाणी शिंपडा. दुसरा म्हणतो, ओल लागली की साप सडतो, हाडासारखं कोरडं ठेवा. पोटाखाली सतत ओल राहिली तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, खवले कुजतात, हे खरं. अगदी कोरड्यात कात तुकड्यातुकड्याने निघते, डोळ्यावरचा पारदर्शक खवला अडकून राहतो, हेही खरं. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. त्यासाठी काथ्याचा चुरा, म्हणजे नर्सरीत विटेसारखा मिळणारा कोकोपीट, चांगला. पण खत मिसळलेला नको आणि क्षार जाईपर्यंत धुऊन घ्यावा. भिजवून मुठीत दाबला की गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये. कॉर्न स्नेकला बाकी पेटी कोरडी आणि एका कोपऱ्यात झाकणाला भोक पाडलेला, ओलसर कापड घातलेला डबा, एवढं पुरतं. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की तो आपणहून त्या डब्यात जाऊन बसतो.

उबेच्या बाबतीत तोरणमाळसारख्या ठिकाणी चूक लवकर होते. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंच. हिवाळ्यात या सातपुड्यात दव गोठल्याच्या बातम्या येतात. थंडी वाढली की लोक अंथरुणाचा थर वाढवतात. सापाला गोधडीने ऊब येत नाही, कारण त्याच्या अंगात आपल्यासारखी उष्णता तयारच होत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. पेटीखाली हीटिंग मॅट असेल तर जाड थराने ऊब वर पोचत नाही, आणि साप थर खणून थेट तापलेल्या काचेवर जाऊन भाजतो. मॅटवर थर पातळ ठेवा, थर्मोस्टॅट लावल्याशिवाय मॅट चालू करू नका, आणि उबदार बाजूला थराच्या तळाशी तापमान मोजा. बॉल पायथनला तिथे ३१-३२ अंश सेल्सिअस पुरे.

आणि फिनेल. पेटी स्वच्छ हवी म्हणून आपल्याकडे पहिला हात फिनेलच्या बाटलीकडे जातो. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं सापांना विषारी ठरतात. गरम पाणी आणि साबण, नंतर स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवणं, एवढंच करा. विष्ठा आणि खडूसारखा पांढरा भाग दिसला की त्याच दिवशी आजूबाजूच्या थरासकट काढा.

त्या सकाळी वनरक्षकाला फोन केला. तो आल्यावर, मुलाने पिल्लू जिथून उचललं होतं त्या ओल्या गवताशी आम्ही बादली आडवी केली. भुसा चिकटलेलं पिल्लू क्षणभर थांबलं आणि गवतात शिरलं. हिरव्यात हिरवं, पुन्हा दिसलं नाही. मुलगा बादली धुवायला तलावाकडे गेला.

तुमच्याकडे रानातला साप डब्यात असेल तर त्याच्याखाली काही घालू नका, पाणी-दूध ठेवू नका. डबा सावलीत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर आत्ताच फोन करा. आणि कायद्याने ठेवलेला परदेशी साप भुशावर असेल, तर आज रात्री भुसा काढून वर्तमानपत्र अंथरा. बाकीचं उद्या ठरवता येईल.