साथीच्या दिवसांतली नोंदवही

कॉनी विलिस या अमेरिकन लेखिकेची १९९२ची ‘डूम्सडे बुक’ ही कादंबरी मी इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाला वाचायला देते. साल २०५४. ऑक्सफर्डचे इतिहासकार थेट भूतकाळात जाऊन अभ्यास करतात. किव्हरिन ही विद्यार्थिनी १३२०च्या इंग्लंडला निघते आणि पोचते १३४८मध्ये, ऐन प्लेगच्या तोंडी. तिला पाठवणारा तंत्रज्ञ बद्री चौधरी तापाने कोसळलेला. ऑक्सफर्डमध्येही इन्फ्लुएंझाची साथ, शहर बंद. गफलत काय झाली हे सांगणार कोण?

किव्हरिनच्या मनगटात ध्वनिमुद्रक बसवलेला आहे. प्रार्थनेसारखे हात जोडले की तो सुरू होतो. आधी ती चालीरीती टिपते. पुढे नोंदींत माणसंच उरतात. पाच वर्षांची अ‍ॅग्नेस, तिची बहीण रोझमंड, आणि जेमतेम शिकलेला फादर रोश, जो पळून न जाता आजाऱ्यांची सेवा करतो.

त्या साथीत युरोपातली किमान एक तृतीयांश माणसं गेली, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलंय. अ‍ॅग्नेसचं दुखणं वाचताना मात्र पुस्तक मिटून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. गाठी, ताप, उशाशी जागणारी माणसं, यातलं विलिस काहीच झाकत नाही. म्हणूनच मी तिला इतकं मानते.